तांदळाच्या डब्यात फोन पुरणं आता तरी थांबवा

नौपाडा_सोल्डर
पावसाळा लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो. यंदाचा असा: "फोनवर पाणी सांडलं? घाबरू नका. पुसा, तांदळाच्या डब्यात २४ तास ठेवा, मग चार्जिंगला लावा. शंभर टक्के गॅरंटी." खाली अंगठ्यांची रांग. दोन ओळींत उत्तर दिलं तर कुणी वाचत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

फोन पाण्याने मरत नाही. ओला असताना त्यात वीज खेळत राहते, त्याने मरतो. नळाच्या पाण्यात क्षार असतात. बॅटरीच्या जेमतेम ४ व्होल्टांनी त्या पाण्यातून करंट वाहायला लागला की पॉझिटिव्ह बाजूचा धातू विरघळतो आणि निगेटिव्ह बाजूला जाऊन साचतो. मायक्रोस्कोपखाली बघा: बॅटरी कनेक्टरची एक पिन खाऊन काळी पडलेली, शेजारची ठणठणीत. चार्जिंग आयसीच्या (चार्जिंग सांभाळणाऱ्या चिपच्या) भोवतालच्या कपॅसिटरच्या टोकांवर पांढरी भुकटी, शील्डच्या (चिपांवरच्या धातूच्या झाकणाच्या) कडेला हिरवट लगदा. हे एका रात्रीत होतं.

स्विच ऑफ केलं म्हणजे वीज थांबली, असंही नाही. बॅटरी जोडलेली असेपर्यंत तिची मुख्य लाइन पॉवर आयसीपर्यंत जिवंतच असते. म्हणजे तांदळात २४ तास ठेवलात, तर बोर्डाला (आतल्या सर्किटला) २४ तास गंजायला दिलेत.

तांदळाचं म्हणाल तर दुकानातल्या तांदळात मुळातच १२-१४ टक्के ओल असते. जुलैतल्या ठाण्याच्या हवेत तो आणखी काय शोषणार? शील्डखाली अडकलेल्या थेंबापर्यंत तर तो पोहोचतच नाही. उलट त्याची पूड चार्जिंग पोर्टात जाते आणि ओलीशी मिळून खळ होते. अ‍ॅपलने आपल्या मदतपानावर तांदळाच्या पिशवीत ठेवू नका, असं स्पष्ट लिहिलं आहे.

करायचं काय? फोन चार्जिंगला असेल तर आधी भिंतीवरचं बटण बंद, मग वायर. लगेच स्विच ऑफ. होम बटण नसलेल्या आयफोनला आवाज वाढवायचं बटण आणि बाजूचं बटण एकत्र दाबून धरा आणि स्लाइडर सरकवा. सॅमसंगला बाजूचं बटण आणि आवाज कमी करायचं बटण धरा, मग पडद्यावरचं पॉवर ऑफ दाबा. कव्हर काढा, सिम ट्रे लगेच बाहेर काढा, पोर्ट खाली करून तळहातावर हलके ठोका. झटकू नका, पाणी आत पसरतं. हेअर ड्रायर नको: तो पाणी आत ढकलतो, कडेचा गोंद मऊ करतो आणि बॅटरी तापवतो. मग मायक्रोस्कोप असलेल्या माणसाकडे न्या आणि बोर्ड साफ करून घ्या. सुकणं आणि साफ होणं वेगळं. पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात.

कोपरखैरणे_२३
चार्जर काढा, बंद करा, इथवर मान्य. पुढचं सगळं लोकांना घाबरवणारं आहे. टेबलावरचा ग्लास कलंडला आणि सहा महिने जुन्या, कधीही न उघडलेल्या आयपी६८ (धूळ-पाणी रोखण्याचं रेटिंग) फोनवर पाणी पडलं, तर तो उघडायचा कशाला? पुसा, पोर्ट खाली करून पंख्यासमोर ठेवा. अर्ध्या तासाने पोर्ट कोरडं दिसलं तर चार्ज करून बघा. ओलीची सूचना आली तर आणखी थांबा, कधी पूर्ण दिवसही लागतो. संपला विषय.

उघडण्याची किंमत तुम्ही सांगितलीच नाही. मागची काच ७०-८० अंशांना तापवायची, पत्ती घालून गोंद कापायचा. पत्ती दोन मिलिमीटर जास्त आत गेली की वायरलेस चार्जिंगची कॉइल किंवा एखादी फ्लेक्स (चपटी लवचिक वायर) फाटते. काच तडकते ते वेगळंच. आणि कंपनीचं सील कायमचं जातं. धडधाकट वॉटरप्रूफ फोन तुमच्या सल्ल्याने पाणी पिणारा फोन होतो.

ठाणे_पूर्व_कोपरी
मूळ धाग्यात एक चूक आहे आणि ती महागात पडेल. ओल्या फोनची सिम ट्रे लगेच काढायची नाही. ट्रेला रबरी रिंग असते, पाणी अडवणारी तीच. ट्रे ओढली की कडेला थांबलेलं पाणी सरळ बोर्डाशेजारी उतरतं. फोन कोरडा झाल्याशिवाय ट्रे उघडू नका, हेही अ‍ॅपलनेच लिहिलं आहे. त्यांचं एक वाक्य उचलायचं आणि दुसरं सोडायचं, हे बरोबर नाही.

नौपाडा_सोल्डर
ट्रेचं मान्य करतो. आधी बाहेरून पूर्ण पुसायचं, ट्रेची बाजू खाली धरायची, मगच काढायची. "लगेच" हा शब्द माझा चुकला. पण ज्या फोनला आयपी रेटिंगच नाही त्याला रिंग असेलच याची खात्री नाही, तिथे ट्रे अडवून धरण्यात अर्थ नाही.

@कोपरखैरणे_२३, न उघडलेला, न पडलेला फोन आणि साधं पाणी असेल तर तुमचं बरोबर. पण असे फोन किती? आयपी६८ ची चाचणी नव्या फोनवर, स्थिर गोड्या पाण्यात होते. चहा, उसाचा रस, ट्रेनच्या दारातला आडवा पाऊस त्यात धरलेला नाही. फोन दोनदा फरशीवर आपटला, फ्रेम केसभर वाकली की गोंद कुठेतरी सुटतो.

पाणी आत गेलंय की नाही, हे न उघडता कळतं. फोन पुसून कोरडा झाल्यावर ट्रे काढा आणि सिमच्या खाचेत टॉर्च मारा. बऱ्याच फोनमध्ये तिथे पांढरा ठिपका असतो, तो लाल झाला असेल तर पाणी आत गेलं आहे. कॅमेऱ्याच्या काचेत आतून वाफ धरली, तरी तेच. आवाज दबलेला येणं हे पुरेसं लक्षण नाही, तिथे फक्त स्पीकरची जाळी ओली असू शकते. पहिल्या दोनांपैकी एक जरी दिसलं तर पंख्यासमोर ठेवण्यात वेळ घालवू नका.

नेरुळ_ग्राहक
लाल ठिपक्याचं नाव निघालंच आहे तर बोलतो. जाहिरातीत फोनवर पाण्याचे फवारे, पेटीवर आयपी६८, आणि सर्व्हिस सेंटरला ठिपका लाल दिसला की "लिक्विड डॅमेज, वॉरंटी बाद". मग ते रेटिंग कशासाठी छापता? इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२० मध्ये अ‍ॅपलला नेमक्या याच कारणासाठी १ कोटी युरो दंड केला. ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये सॅमसंगला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर भरावे लागले, कारण पाण्यात वापरा असं सुचवणाऱ्या जाहिराती केल्या आणि चार्जिंग पोर्ट गंजत होते. आपल्याकडे मात्र ग्राहकालाच विचारतात, "तुम्ही पाणी का लागू दिलंत?"

वाशी_सेक्टर१७
अटी वाचल्या तर पाणीरोधकता कायमची नाही, वापराने कमी होते, असं कंपन्याच लिहितात. आयपी६७ म्हणजे १ मीटर, ३० मिनिटं. आयपी६८ ची खोली आणि वेळ कंपनी स्वतः ठरवते. आणि बुडवून पास झालेला फोन नळाच्या धारेखाली पास होतोच असं नाही, धारेची चाचणी वेगळी असते. लोक फोन बेसिनमध्ये धुतात आणि रेटिंगला दोष देतात.

नेरुळ_ग्राहक
लोकांनी मानक पाठ करावं आणि कंपनीने जाहिरात करावी, हा कुठला न्याय? अट बारीक अक्षरात, फवारा मोठ्या पडद्यावर. मला हे अजिबात पटत नाही.

वाशी_सेक्टर१७
पटू नका, पण मग नुसतं चिडून थांबू नका. फोन सर्व्हिस सेंटरला देताना जॉबशीटवर (दुरुस्तीच्या पावतीवर) फोनची स्थिती लिहून घ्या. ठिपक्याचा फोटो त्यांच्यासमोर काढा. नकार तोंडी घेऊ नका, लेखी मागा. आधी १९१५ वर (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) तक्रार, नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत २ वर्षांची. पण फोन आधी बाहेर कुठे उघडला असेल तर कंपनी पहिलं बोट त्यावरच ठेवेल. म्हणून वॉरंटीतला फोन दुरुस्तीवाल्याकडे पळवण्याआधी विचार करा. @नौपाडा_सोल्डर, हे तुमच्या धाग्यात पहिल्या ओळीत हवं होतं.

कोपरखैरणे_२३
अगदी. आणि फोन उघडून परत बंद कसा करतात तेही बोला. जुना गोंद अर्धवट खरवडायचा, वरून ट्यूबमधला बी-७००० गोंद फिरवायचा, चार रबरबँड लावायचे आणि "वॉटरप्रूफ करून दिला" म्हणायचं. पुढच्या पावसात तोच फोन परत येतो. यात गिऱ्हाइकाची फसवणूक आहे, आणि तुमच्यासारखे दुरुस्तीवाले यावर कधीच बोलत नाहीत.

नौपाडा_सोल्डर
बोलतो, पण सगळ्यांना एका मापाने मोजू नका, राग येतो. नीट काम असं: जुना गोंद आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पूर्ण काढायचा, त्याच मॉडेलची कापलेली चिकट गॅस्केट (सीलची पट्टी) लावायची, क्लॅम्पमध्ये दाबून ठेवायचं. तरीही हवेच्या दाबाची चाचणी केल्याशिवाय वॉटरप्रूफ हा शब्द कुणी वापरू नये, आणि ती चाचणी फार थोडे करतात. उघडलेला फोन पावसात झिपच्या पिशवीत ठेवायचा. एवढं तुमचं बरोबर आहे.

पण म्हणून गंजणारा बोर्ड तसाच ठेवायचा का? सील गेलेला चालू फोन बरा की सील शाबूत असलेला बंद फोन?

ठाणे_पूर्व_कोपरी
साफ करणं म्हणजे काय, यावरही बोलायला हवं. अनेक ठिकाणी वरून आयपीए ओतून, ब्रश मारून फोन परत देतात. चहा किंवा सरबत असेल तर ते व्यर्थ आहे, कारण साखर आयपीएमध्ये विरघळत नाही. मीठही जवळजवळ नाही. खाडीचं किंवा समुद्राचं पाणी लागलं असेल तर तोच घोळ.

क्रम असा हवा. सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर प्लास्टिकच्या पट्टीने सोडवायचा. बोर्ड बाहेर काढायचा, शील्ड उघडायचे. मग डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रश, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेही चालेल. नंतर ९९ टक्के आयपीए, म्हणजे उरलेलं पाणी त्याच्याबरोबर निघतं. मेडिकलमधलं ७० टक्के घेऊ नका, त्यात ३० टक्के पाणीच असतं. अल्ट्रासॉनिक क्लीनर (ध्वनिलहरींनी साफ करणारं यंत्र) असेल तर २-३ मिनिटं, पण फक्त बोर्ड. कॅमेरा, स्पीकर, डिस्प्ले त्यात जाता कामा नये. ६०-७० अंशांना अर्धा-पाऊण तास सुकवायचं. आयपीए पेट घेतं, खिडकी उघडी ठेवा, जवळ गॅस नको.

बॅटरी जोडण्याआधी मीटरने बॅटरी लाइन आणि ग्राउंड यांच्यात शॉर्ट नाही ना, ते तपासायचं. मग बोर्ड पॉवर सप्लायला जोडून, बटण न दाबता करंट जवळजवळ शून्य हवा. १००-२०० मिलिअँपिअर खात असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे, तो काढल्याशिवाय बॅटरी लावायची नाही.

घणसोली_रबाळे
रात्री अकराला पाणी सांडलं, दुकानं बंद. तेव्हा घरी काय करायचं, हे कुणी नीट सांगत नाहीये. तांदूळ नको, मग काय?

कोपरखैरणे_२३
बंद करून, पोर्ट खाली करून, एसी असेल तर त्या खोलीत ठेवा. एसी हवेतली ओल काढतो, पंखा फक्त ओली हवा फिरवतो. सिलिका जेल वापरायचंच तर ताजं, निदान १०० ग्रॅम, हवाबंद डब्यात. बुटांच्या खोक्यातल्या पुड्या केव्हाच ओल पिऊन बसलेल्या असतात. निळे दाणे गुलाबी झाले म्हणजे संपले. त्या निळ्या दाण्यांत कोबाल्टचं क्षार असतं, मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

नौपाडा_सोल्डर
आणि सकाळी "चालू होतोय का बघू" म्हणून बटण दाबू नका. लोक का दाबतात तेही समजतं, बँकेचा ओटीपी हवा असतो. त्यावर उपाय: सिम पुसून जुन्या साध्या फोनमध्ये घाला, ओटीपी तिकडे येईल, मग ओला फोन दुकान उघडेपर्यंत बंद राहू शकतो. ई-सिम असेल तर तेवढं सोपं नाही, कंपनीकडून दुसऱ्या फोनवर घ्यावं लागतं.

नेरुळ_ग्राहक
फोन गेला तरी चालेल, फोटो मिळाले पाहिजेत, असं असेल तर? मेमरीची चिप काढून वाचतात ना?

नौपाडा_सोल्डर
आताच्या फोनमध्ये नाही. डेटा कुलूपबंद असतो आणि किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. चिप काढून हाती कचरा येतो. फोटो हवेत तर तोच बोर्ड थोडा वेळ का होईना जिवंत करावा लागतो. म्हणून फोटोंचा बॅकअप नसेल तर चार्जर लावून बघण्याचा प्रयोग एकदाही नको.

कोपरखैरणे_२३
बॅकअप नाही आणि ठिपका लाल आहे, अशा फोनला उघडणंच बरोबर, एवढं कबूल. बाकी फोनबद्दल माझं मत बदललेलं नाही.

घणसोली_रबाळे
ठिपका पांढराच दिसतोय, कॅमेऱ्यात वाफ नाही. पण पाणी नव्हतं, लिंबू सरबत होतं. पोर्टाकडच्या बाजूला सांडलं. फोन आयपी६८, कधी उघडलेला नाही, बंद केलाय.

ठाणे_पूर्व_कोपरी
मग तो भाग साध्या पाण्यात भिजवून पिळलेल्या सुती कापडाने दोन-तीनदा पुसा, साखर सुकू देऊ नका. बटणं दाबून बघा, चिकटत असतील तर आणखी एकदा. पोर्टात टाचणी किंवा कापूस घालू नका. दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश ९९ टक्के आयपीएत बुडवून हलके दोन फेरे, तोही साखर पाण्याने निघाल्यावर. उद्या सकाळी ठिपका पुन्हा बघा आणि इथे कळवा.