प्रिमिटिव्ह रूटला मराठीत काय म्हणावं?

हरिपूर (सांगली): संख्या सिद्धान्तावरचं एक टिपण मराठीत आणतोय. संख्या आहे २,१४,७४,८३,६४७, म्हणजे २ चा ३१ वा घात उणे १. ती मूळ (प्राइम) असल्याचं गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये दाखवलं. पुढचं वाक्य: ७ हा या प्राइमचा सर्वांत लहान प्रिमिटिव्ह रूट, म्हणजे ज्याचे घात घेऊन प्राइमने भागत गेलं की शून्य सोडून प्रत्येक बाकी मिळते अशी संख्या. प्राइम म्हणजे मूळ, रूट म्हणजे मूळ, प्रिमिटिव्हही मूळ. ‘मूळ संख्येचं मूळ मूळ’ छापायचं का?

अजिंक्यतारा: ‘अविभाज्य संख्या’ लिहा, निम्मा घोळ मिटतो.

प्रीतिसंगम (कराड): आणि सहमूळचं (१ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या संख्यांचं) काय करणार, ‘सहअविभाज्य’? पाठ्यपुस्तकात मूळ, सहमूळ, जोडमूळ अशी वीण आहे, एक टाका काढला की सगळी उसवते. शिवाय ७ ला ७ ने भाग जातोच की.

वाईकर: जुना शब्द आहे ना, ‘दृढ’. भास्कराचार्यांचा.

प्रीतिसंगम: तो प्राइमसाठी नाही. लीलावतीतल्या कुट्टकात, म्हणजे पूर्णांकी उत्तरं काढायच्या रीतीत, भाज्य २२१, हार (भाजक) १९५. दोन्हींना १३ ने भागून १७ आणि १५ उरतात, ते दृढ. १५ तर ३ गुणिले ५. दृढ म्हणजे आपलं सहमूळ.

तासगावकर: रूटसाठी ‘बेणं’ घ्या, हळदीचं किंवा उसाचं असतं तसं. ३ चे घात घेऊन ७ ने भागत जा. बाकी ३, २, ६, ४, ५, १. सहाही बाक्या उगवल्या. २ चे घात घेतले तर २, ४, १, की फेरा बंद. ३ हे बेणं, २ नाही.

अजिंक्यतारा: शब्द गोड आहे, पण नातं तुटतं. ७ ने भागल्यावरची बाकीच धरली, तर ३ हे ‘क्षचा सहावा घात = १’ या समीकरणाचं मूळ आहे. २ सुद्धा आहे, पण ते तिसऱ्याच घाताला १ होतं. हा फरक विशेषणात यायला हवा. आद्यमूळ?

हरिपूर: ‘आद्य’ म्हटलं की पहिलं वाटतं. ७ ला ३ आणि ५ दोन्ही चालतात. ‘सर्वांत लहान आद्यमूळ’ वाचून माणूस अडखळेल.

तासगावकर: मोठ्या संख्येचं बेणं तपासलंत का? एक वजा केल्यावर अवयव पडतात २, ३ चा वर्ग, ७, ११, ३१, १५१, ३३१. त्या वजा केलेल्या संख्येला या सातांनी एकेक करून भागा, येईल तितका ७ चा घात घ्या. बाकी एकदाही १ येता कामा नये. नुसतं २ ने भागून थांबलात तर एवढंच कळतं की कुठल्याही वर्गाला या प्राइमने भागून बाकी ७ येत नाही. संगणकावर गुणाकार ६४ बिटांत ठेवा. ३२ बिटांत तो ओसंडतो, वरचे अंक गळतात आणि बाकी चुकते.

वाईकर: ‘बाक्या’ हे कुठलं अनेकवचन? ‘शेष’ लिहा.

तासगावकर: गादी-गाद्या, चावी-चाव्या, तशी बाकी-बाक्या. ‘शेष’ला एक आणि अनेक सारखंच.

वाईकर: क्रियापदावरून कळतं. ‘शेष उरला’, ‘शेष उरले’.

तासगावकर: आणि तक्त्याच्या मथळ्यात क्रियापद कुठून आणणार?