मदत हवी आहे : आमची मॅटाडोर मूळची कोणाची?

नमस्कार. सांगलीजवळच्या आमच्या मळ्यात, गोठ्यामागे, चुलत्यांची १९८४ ची बजाज टेंपो मॅटाडोर पिकअप अकरा वर्षे उभी आहे. ती मुळाबरहुकूम दुरुस्त करावी असे मनात आहे. म्हणून आधी तिचे मूळ ठरवण्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

प्रश्न निघाला तो भाच्यामुळे. त्याने हॅम्बुर्गमधील जुन्या गाड्यांच्या मेळाव्यातला एक फोटो पाठवला. तोच सपाट चेहरा आणि तेच गोल दिवे, पण जाळीवर मर्सिडीजचा तारा! त्यावरून ‘आपली गाडी म्हणजे मर्सिडीजची नक्कल’ असे घरात ठरूनही गेले. मला ते मान्य नाही. ‘टेंपो’ हे हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीच्या गाड्यांचे नाव. बजाज टेंपोने १९५८ मध्ये त्याच कंपनीच्या परवान्यावर आपल्याकडे तीनचाकी बनवायला घेतली, आणि आज कोणत्याही छोट्या मालवाहू गाडीला आपण टेंपो म्हणतो ते त्यामुळेच. पुढे जर्मनीत विडालचा कारखाना हानोमाग या दुसऱ्या जर्मन कंपनीकडे गेला, हानोमागची हानोमाग-हेन्शेल झाली आणि अखेरीस सारेच डाइमलर-बेंझच्या, म्हणजे मर्सिडीजवाल्यांच्या, हाती आले. विडालच्या त्या हारबुर्गच्या (हॅम्बुर्गचाच भाग) कारखान्यातून बाहेर पडणारी गाडी तीच राहिली, बिल्ला तेवढा बदलत गेला. मर्सिडीज एल २०६ डी आणि एल ३०६ डी ही तिची तिथली शेवटची नावे, आणि १९७७ मध्ये ती तिकडे बंद झाली. तारा तिच्यावर मागाहून चढला. बजाज टेंपोच्या पुण्याजवळील आकुर्डीच्या कारखान्यातल्या आपल्या मॅटाडोरवर मात्र जुनेच नाव टिकले, त्यामुळे नक्कल कोणी कोणाची केली हा वादच फोल आहे.

सांगाड्याबद्दल मला शंका नाही. गाडीखाली पोते अंथरून पाहिले, तर गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्टच नाही. ओढ सगळी पुढच्या चाकांवर, हारबुर्गच्या गाडीसारखीच. हौद्याचा तळ इतका खाली आहे की चुलते उसाच्या कांड्या फळी न लावता चढवत असत, त्याचे कारणही हेच.

घोळ इंजिनाचा आहे. सुरुवातीच्या मॅटाडोरमध्ये हानोमागचे डिझेल इंजिन येत असे आणि नंतर मर्सिडीजचे ओएम ६१६, म्हणजे २४० डी मोटारीतले २.४ लिटरचे, आले. आमच्या मिस्त्रींच्या मते आमच्या गाडीत हे मर्सिडीजचेच आहे. परंतु त्या काळी इंजिने सर्रास बदलली जात, आणि आरसी बुकातील नेमके ते पान भिजून वाचण्यापलीकडे गेले आहे. मॉडेलचा आकडा असलेली पट्टीही निघालेली असून तिच्या जागी स्क्रूची दोन भोके उरली आहेत.

तेव्हा विचारायचे ते असे, की १९८४ मध्ये कारखान्यातून निघालेल्या पिकअपला यांपैकी कोणते इंजिन असे, आणि इंजिन बसवण्याच्या ब्रॅकेटवरून किंवा चेसिस नंबरवरून मॅटाडोरच्या एफ ३०५ व एफ ३०७ या मॉडेलांतला फरक ओळखता येतो का? मर्सिडीजच्या इंजिनाचा नंबर ६१६ ने सुरू होतो हे ठाऊक आहे, मात्र ब्लॉकवर रंग आणि ग्रीसचा बोटभर थर बसला आहे. नंबर कोणत्या बाजूला कोरलेला असतो हे कोणी सांगितले, तर येत्या रविवारी तेवढाच भाग रॉकेलने साफ करून फोटो टाकतो.