म्हाडा आणि आवास योजना : भाडेकरूंच्या अर्जाची तयारी कशी करून घ्यावी?

खाडीपट्टा_मदतगट
रत्नागिरी शहरातल्या चाळींत भाड्याने राहणारे खलाशी, मासेविक्रेत्या बायका आणि हॉटेलांतले कामगार यांच्यासाठी बचतगटामार्फत म्हाडा (राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण) आणि पंतप्रधान आवास योजनेच्या घरांच्या अर्जांचे शिबिर घ्यायचे आहे. एरवी लोक घरांच्या सोडतीची जाहिरात आल्यावर धावतात आणि दाखल्यांतच मुदत संपते. शिबिर कधी घ्यावे, आधी काय तपासावे? जाणकारांनी सांगावे.

सेतू_दापोली
अर्ज शेवटी भरायचा. सुरुवात आधारला जोडलेल्या मोबाइलपासून करा. ओटीपी जुन्या नंबरवर जात असेल तर पुढचे काहीच होत नाही. आधार केंद्र लांब असेल तर पोस्टमनकडून घरीच नंबर बदलून घेता येतो.

दुसरे, आधार आणि पॅनवरचे नाव. लग्न झालेल्या बायकांच्या आधारवर सासरचे आणि पॅनवर माहेरचे नाव असते, आणि पडताळणी तिथेच अडते. ही दुरुस्ती सगळ्यात वेळखाऊ, म्हणून मोबाइलचे झाले की लगेच तीच हाती घ्या.

नंतर अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला. म्हाडाला बारकोडचा अधिवास दाखला लागतो, जुना हस्तलिखित चालत नाही. लॅमिनेट केलेल्या दाखल्याचा मोबाइलवर फोटो काढला की चकाकीमुळे बारकोड वाचला जात नाही. पोर्टलवरून उतरवलेली पीडीएफ आहे तशीच जोडा.

वारसनोंद
उत्पन्नाबाबत जास्त घोळ होतो. रत्नागिरी मुंबई महानगर प्रदेशाबाहेर आहे, त्यामुळे इथल्या घरासाठी म्हाडाच्या अत्यल्प उत्पन्न गटाची मर्यादा वर्षाला साडेचार लाख. विरार त्या प्रदेशात येते, म्हणून तिथल्या घरासाठी तीच सहा लाख. पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मध्ये (१ सप्टेंबर २०२४ पासून) आर्थिक दुर्बल गटाची मर्यादा तीन लाख. म्हाडासाठी नवरा-बायको दोघांचे उत्पन्न धरतात, हे बायकांना मुद्दाम सांगा. मासळीची कमाई लपवून कमी आकड्याचा दाखला काढला तर पुढे घराचे कर्ज मागताना तोच दाखला आडवा येतो.

आता गावच्या घराचा प्रश्न, आपल्याकडे तो घरोघरी आहे. म्हाडा पाहते ती मालकी ज्या शहरात घर मिळणार तिथली. आवास योजनेत मात्र देशात कुठेही कुटुंबाच्या नावे पक्के घर चालत नाही. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले. वडिलांच्या हयातीत घर त्यांच्या नावे असेल तर विवाहित मुलाची अडचण नसते. वडील गेल्यावर वारसनोंद होऊन चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) पक्क्या घराच्या उताऱ्यावर चार भावांची नावे चढली असतील तर विचारणा होणार. म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा (घराच्या नोंदीचा) उतारा आधीच काढून बघा. नाव निघाले तर नगरपरिषदेला लेखी विचारा. खोटे प्रतिज्ञापत्र कोणालाही करू देऊ नका, घर मिळाल्यावरही रद्द होते.

खाडीपट्टा_मदतगट
बहुतेकांकडे भाडेकरार नाही. आणि खलाशांना पगाराऐवजी मासळीतल्या वाट्याचे पैसे मिळतात, त्यांची नोंद कुठेच नसते. तिथे काय करायचे?

सेतू_दापोली
१९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात भाड्याची पावती देणे घरमालकाला बंधनकारक आहे (कलम २६) आणि करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारीही त्याचीच (कलम ५५). भांडण न काढता हे दाखवा. करार ऑनलाइन नोंदवता येतो म्हटल्यावर बरेच मालक तयार होतात. म्हाडाच्या सोडतीला करारावाचून अडत नाही, तिथे राज्याचा अधिवास पाहतात. पत्त्याचा पुरावा मागतात तिथे करार उपयोगी पडतो.

वाट्यावर काम करणाऱ्यांसाठी स्वयंघोषणा आणि तलाठ्याचा चौकशी अहवाल, त्यावर तहसीलदारांचा दाखला. रेशनकार्ड गावचे आणि राहणे शहरात असेल तर दाखला कोणत्या तालुक्यातून काढायचा हे आधी ठरवा, नाहीतर अर्ज दोन्हीकडे फिरतो.

शिबिर जून-जुलैत घ्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, खलाशी किनाऱ्यावर सापडतात. पावसात वीज आणि नेट जाते, तेव्हा त्या काळात कागद तपासून दाखल्यांना लावा. फॉर्म जाहिरात आल्यावर भरता येईल.

अनामत_परतावा
बँक खात्याचेही बघा. सोडतीत नाव नाही आले तर अनामत रक्कम अर्जदाराच्याच खात्यात परत येते. पतसंस्थेचे खाते किंवा मुलाचे खाते देऊ नका. बँक विलीन झाली असेल तर आयएफएससी बदललेला असतो, नव्या पासबुकावरूनच घ्या. अर्जाचे शुल्क जीएसटीसह ५९० रुपये, ते परत मिळत नाही, हे आधीच सांगा. म्हाडाने एजंट नेमलेले नाहीत. "नंबर लावून देतो" म्हणणाऱ्याला कोणी पैसे देऊ नयेत, हे शिबिराच्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहा.