किमान वेतन वाढलं तर बेकारी भत्ताही वाढतो का?

मागवाला: अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर आहे. मालकाने निम्मे माग बंद ठेवलेत, म्हणून विचारतोय.

जुना जॉबर: वाढतो. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, अटल योजनेत काम सुटल्यावर सरासरी रोजाच्या ५० टक्के मिळतात, जास्तीत जास्त ९० दिवस. रोज ५०० धरला तर २५०. पण हिशेब कागदावरच्या पगाराचा हां!

हिशेबनीस: ईएसआयला २०१७ पासून महिना २१,००० पगाराची मर्यादा आहे. पगार त्यावर गेला की सप्टेंबर किंवा मार्चअखेरपर्यंत कपात चालू, मग बाहेर.

मागवाला: एकवीस कुठले साहेब! हातात सोळा देतात, स्लिपवर बारा. ईएसआयची पाऊण टक्का कपात त्या चार हजारांवर होत नाही म्हणून मीच खूश होतो. वाचले महिन्याला तीस रुपये. चहा-भजीत गेले.