पॅरिस–झुरिक–मिलान : टीजीव्ही (फ्रान्सची वेगवान गाडी) घ्यावी की साधी गाडी?

प्रश्न (चाकावरचे चौघे): मे महिन्यात पॅरिस ते झुरिक, आणि चार दिवसांनी झुरिक ते मिलान. चौघे आहोत, त्यातले दोघे सत्तरीपुढचे. युरेल पास (युरोपभरच्या गाड्यांसाठी एकच पास) काढला की कुठल्याही वेगवान गाडीत बसता येतं का? आणि डोंगर दिसायला हवेत, नुसतं पोचायचं नाही.

रूळबदल: पास म्हणजे भाडं भरलं, जागा मिळाली असं नाही. पॅरिस–झुरिकच्या टीजीव्ही लिरियात आरक्षण सक्तीचं, त्याचे पैसे वेगळे. शिवाय पासवाल्यांचा कोटा ठरलेला. तो संपला की गाडी अर्धी रिकामी असली तरी उपयोग नाही.

तुमचे मोठे प्रवास दोनच. युरेल ग्लोबलचा, म्हणजे अनेक देशांत चालणारा, सगळ्यात लहान पास एका महिन्यात चार दिवसांचा. म्हणजे दोन दिवस फुकट घालवायचे. सुटी तिकिटं काढा. टीजीव्हीचं भाडं विमानासारखं चढतं, त्यामुळे विक्री उघडली की लगेच. पॅरिसच्या गार द लियाँ स्टेशनहून झुरिक साधारण चार तास. हाच टप्पा साध्या टीईआर (फ्रान्सच्या प्रादेशिक) गाड्यांनी म्युलूजमार्गे होतो, पण गाड्या मोजक्या आणि बॅगा घेऊन चढउतार. सपाट मुलुखासाठी एवढी दगदग कशाला? दारं मात्र सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात, ते लक्षात ठेवा.

घाटमाथा: पहिल्या टप्प्याला सहमत. दुसऱ्याला उलट करा.

झुरिक–मिलान युरोसिटी ही थेट जलद गाडी सव्वातीन तासांत नेते, कारण ती 2016 साली सुरू झालेल्या 57 किलोमीटरच्या गॉटहार्ड बेस बोगद्यातून जाते. डोंगर बघायला गेलात आणि डोंगराच्या पोटातून गेलात! त्यापेक्षा ट्रेनो गोतार्दो ही साधी गाडी घ्या. ती जुन्या घाटमार्गाने चढते. वासेनचं पांढरं चर्च तीनदा दिसतं, दर वेळी वेगळ्या उंचीवरून, कारण रूळ डोंगरात वळसे घेत चढतात. आरक्षण लागत नाही. बेलिंझोनाला उतरून लुगानोमार्गे मिलान.

अख्खा दिवस हाताशी असेल तर कूर–सेंट मॉरिट्झ–तिरानो हा डोंगरी मार्ग घ्या. त्यावरच्या बर्निना एक्सप्रेस या पर्यटक गाडीच्या मोठ्या काचा उघडत नाहीत आणि फोटोत आपलंच प्रतिबिंब येतं. त्याच रुळांवरच्या साध्या लोकलला आरक्षण नाही, तिच्या बऱ्याच डब्यांत खिडकी खाली होते. तिरानोकडे जाताना उजवीकडे बसा. 2253 मीटरवरून 429 मीटरपर्यंत उतार, गाडी घसरू नये म्हणून लावतात तो दातेरी रूळ नसताना. मात्र मिलानपर्यंत आठ-नऊ तास लागतात. सत्तरीच्या माणसांना मी गोतार्दोच सुचवेन.

चाकावरचे चौघे: गोतार्दोच ठरवतो. मिलानहून त्याच संध्याकाळी व्हेनिसचं फ्रेच्चारोसा (इटलीची वेगवान गाडी) तिकीट काढू का?

रूळबदल: स्वस्तातलं काढू नका. ते एका ठरावीक गाडीपुरतंच चालतं, आणि वेगवेगळी तिकिटं असली की आधीच्या गाडीचा उशीर तुमच्याच माथी. एकाच तिकिटावर जोडगाडी चुकली तर पुढची सोय रेल्वेला करावी लागते. तासाभराच्या उशिराला भाड्याच्या 25 टक्के, दोन तासांपुढे 50 टक्के भरपाई. साधी रेजोनाले (इटलीची प्रादेशिक गाडी) मिळत असेल तर तिचं भाडं ठरलेलं, आयत्या वेळी काढलं तरी तेच. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट खिशात असूनही दंड बसतो.