मदत हवी आहे : दृष्टिहीन वाचकांसाठी ध्वनी-कॅप्चाला पर्याय

आमच्या बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयाच्या ऑनलाइन नोंदणीत चित्र-कॅप्चाच्या जोडीला ध्वनी-कॅप्चा आहे; म्हणजे नोंदणी करणारा माणूसच आहे, यंत्र नव्हे, हे ऐकवलेले आकडे लिहायला लावून तपासणारी चाचणी. परंतु परवा एका दृष्टिहीन आजोबांजवळ बसले असता, खरखरीत बुडालेले इंग्रजी आकडे आणि स्क्रीन रीडरचा (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीचा) आवाज एकाच वेळी कानी पडून त्यांचे चार प्रयत्न वाया गेलेले मी पाहिले. उलट, २०१७ मध्ये मेरीलँड विद्यापीठातील संशोधकांनी मोफत वाक्-ओळख सेवा वापरून रीकॅप्चा या गूगलच्या कॅप्चा-सेवेची ध्वनी-चाचणी सुमारे ८५ टक्के वेळा यंत्राकडून सोडवून घेतली होती. माणूस अडतो आणि यंत्र सुटते, हे मला फार खुपते. ज्यांना ऐकूही कमी येते, त्यांना तर दोन्ही वाटा बंद. ईमेलवर एकदाच चालणारा दुवा पाठवणे, किंवा स्क्रीन रीडरपासूनही लपवलेला रिकामा रकाना ठेवून तो भरणाऱ्या यंत्राला अडवणे, यांपैकी काय आपण प्रत्यक्ष वापरले आणि बनावट नोंदण्या कितपत थांबल्या, हे कृपया कळवावे.