मदत हवी आहे: भयपटाची शिफारस लिहायची कशी?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या अलीकडे आमचा भयपट बघणाऱ्यांचा एक गट आहे. शनिवारी रात्री जेवणं उरकली की एका मित्राच्या गच्चीवर प्रोजेक्टर लागतो. एप्रिल-मेमध्ये रात्री दहालासुद्धा फरशी गरम असते, तरी कुणी शनिवार चुकवत नाही. सिनेमा निवडायचा आणि आदल्या दिवशी ग्रुपवर त्याबद्दल थोडक्यात लिहायचं, हे काम माझ्याकडे आहे. त्या लिहिण्यातच अडलंय.

आधी माणसं सांगतो, म्हणजे अडचण कळेल. एक मित्र यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारा, आहे. त्याने इतके भयपट पचवलेत की दार करकरलं की पुढे काय होणार ते तो आधीच सांगतो. शेजारच्या अक्कांचं घर तेलुगू बोलणारं. भुताच्या सिनेमाच्या त्या जबर शौकीन, पण चिरफाड दिसली की उठून खाली जातात, आणि सबटायटल्स वाचायला त्यांना वेळ पुरत नाही. माझी पुतणी इंजिनिअरिंगला आहे. तिला कोरियन, जपानी काहीही चालतं, फक्त उपदेश नको.

मध्यंतरी विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (2017) लावला होता. आपल्या जिल्ह्यात ऊस रोजच्या बघण्यातला. फडात शिरलं की दोन सऱ्यांपलीकडचं दिसत नाही, वाऱ्याने पाचट वाजलं तरी कोणीतरी मागे आहे असं वाटतं, हे इथे प्रत्येकाला ठाऊक आहे. पूजा सावंत त्या उसातून वाट काढते तेव्हा गच्चीवर कुणी हललं नाही. अक्का खूश. जॉबर म्हणाला, भुताची भीती वाटली नाही, पण उषा नाईक नुसत्या समोर बसून बोलत होत्या तेव्हा मात्र पोटात गोळा आला. पुतणी म्हणाली, सिनेमाला काय सांगायचंय ते फार लवकर कळतं. मला तिघांचंही पटलं.

म्हणूनच मला वाटतं, 'जबरदस्त, नक्की बघा' असं लिहिणं निरुपयोगी आहे. भीती एका जातीची नसते. एक असते दचकवणारी, ती आवाजाने येते आणि लगेच जाते. एक किळसेची. आणि एक हळूहळू चढणारी धास्ती, जी सिनेमा संपल्यावर जिन्याचा दिवा बंद करताना पाठीत जाणवते. मी या तिसरीचा माणूस. राहुल सदाशिवन यांचा मल्याळम 'भूतकालम' (2022) माझ्या लेखी त्याचा उत्तम नमुना. आजी गेलेली, आई आजारी, मुलाला नोकरी नाही, आणि घरात काही आहे की ही दोघंच खचत चालली आहेत, ते बराच वेळ कळत नाही. पण हा वाचावा लागतो, म्हणून अक्का बाहेर पडतात.

तर विचारायचंय असं, की कथा न फोडता भीतीची जात कशी सांगायची? मूल दगावणं, गरोदर बाईवर ओढवणारं संकट, आत्महत्या अशा गोष्टींची सूचना द्यायलाच हवी असं माझं ठाम मत आहे, पण ती दिली की उत्सुकता मरते. आणि तिघांनाही चालेल असा, चिरफाडीवर न विसंबणारा, हिंदी, मराठी किंवा तेलुगू सिनेमा सुचवा.

प्रतिसाद, पुण्याहून

दादा, मी एक नियम पाळते. पहिल्या वीस मिनिटांत जे घडतं तेवढंच सांगायचं. त्यापुढचं सगळं प्रेक्षकाचं. नंतर भीती कशातून येते ते एका वाक्यात, आणि सिनेमाची चाल. चाल लोक विसरतात. 'द वेलिंग' (2016) हा कोरियन सिनेमा 156 मिनिटांचा आहे, सुरुवातीला जवळपास विनोदी पोलिसकथा वाटतो. हे आधी सांगितलं नाही तर अर्धी मंडळी तासाभरात उठतात, आणि सिनेमा तर नंतरच आवळत जातो.

सूचनेचं म्हणाल तर प्रसंग सांगू नका, जखम सांगा. 'हेरेडिटरी' (2018) बद्दल मी एवढंच लिहिते: 'घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर हा सिनेमा सध्या नको.' काय होतं, कुणाला होतं, कधी होतं, यातलं काहीच फुटत नाही, आणि ज्याला जपायचं त्याला कळतं. शिवाय 'डज द डॉग डाय' नावाच्या संकेतस्थळावर अशा गोष्टी प्रेक्षकच नोंदवतात. तिथे तुम्ही बघून घ्या, ग्रुपवर दुवा टाकू नका, कारण तिथे कथाही फुटते.

तुमच्या पुतणीसाठी 'अंडर द शॅडो' (2016). इराण-इराक युद्धातलं तेहरान, बॉम्बच्या भीतीने रिकामी होत गेलेली इमारत, आई आणि लहान मुलगी. फारसी आहे, म्हणून गच्चीवर नाही, पण तिला नक्की द्या. उपदेश अजिबात नाही.

प्रतिसाद, सोलापूर (विजापूर रोड)

यादीच्या आधी गच्चीचं बघा. रस्त्यावरचा दिवा पडद्यावर पडत असेल तर काळा रंग राखाडी होतो, कारण प्रोजेक्टर उजेड टाकू शकतो, काळोख टाकू शकत नाही. भयपटाचा अर्धा जीव त्या काळोखात असतो. 'तुंबाड' (2018) चुकूनही गच्चीवर लावू नका. पावसाचा तो करडा उजेड, वाड्यातला कंदील, पंकज कुमार यांचं छायाचित्रण, सगळं वाया जाईल. 2024 मध्ये तो पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला, ते काही उगाच नाही. खिडक्या झाकलेल्या खोलीत बघा.

दुसरं आवाज. छोट्या ब्लूटूथ स्पीकरमधून खालचे घुमणारे आवाज येतच नाहीत, फक्त किंकाळ्या येतात. मग धास्तीचा सिनेमासुद्धा दचक्याचा वाटायला लागतो. मागच्या बाजूला माग चालू असतील तर आणखीनच. उघड्यावर लख्ख उजेडातले सिनेमे ठेवा.

प्रतिसाद, लातूरहून

अक्कांसाठी राम गोपाल वर्मांचा 'रात' (1992). तो तेलुगूत 'रात्रि' नावाने आहे, दोन्हींत रेवती. म्हणजे तुमच्या 'भूतकालम'मधली आईच, तीस वर्षांपूर्वीची! नुसत्या रिकाम्या जागेतून सरकणाऱ्या कॅमेऱ्याने घाबरवणारा असा हिंदी सिनेमा त्याआधी मला आठवत नाही. रामसे बंधूंच्या जुन्या हिंदी भयपटांतल्या हवेल्या मलाही प्रिय आहेत, पण हे सामान्य नोकरदारांच्या घरातलं भूत आहे, म्हणून जास्त लागतं. जॉबरदादांना '13बी' (2009) दाखवा. घरातला टीव्ही रोज ठरावीक वेळी त्याच कुटुंबाची मालिका दाखवतो, एवढीच कल्पना, पण ती शेवटपर्यंत ताणून धरली आहे. तेलुगू नवं हवं तर 'मसूदा' (2022), मात्र तो अंगात येण्याचा प्रकार आहे आणि तीव्र आहे, अक्कांना आधी विचारा.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. वीस मिनिटांचा नियम आणि 'जखम सांगा' हे दोन्ही आजपासून लागू. दिव्याचं म्हणाल तर गच्चीच्या पूर्वेच्या भिंतीकडे पडदा फिरवला तर उजेड टळतो, आज संध्याकाळीच बघून आलो. 'तुंबाड' दिवाळीत घरात. 'भूतकालम'साठी पुतणी म्हणाली, मी अक्कांशेजारी बसून हळू आवाजात सांगत जाते. अक्का तयार आहेत, जॉबर कुरकुरतोय.

शनिवारसाठी हे लिहिलंय:

'रात, 1992, हिंदी. एक कुटुंब नव्या घरात राहायला येतं. घराखाली तळघर आहे, आणि एक मांजर आहे. भीती धास्तीची, दचके थोडे. चाल संथ, बोलणं कमी, म्हणून फोन खाली ठेवा. रेवतीच्या चेहऱ्याकडे लक्ष द्या, विशेषतः रिकाम्या थिएटरच्या प्रसंगात. चिरफाडीवर भर नाही. शेवटाकडे मांत्रिक येतो, तो भाग जुन्या वळणाचा आहे, मला तरी आधीचा भाग जास्त आवडतो. मुक्या प्राण्यांच्या बाबतीत हळवे असाल तर सांभाळून.'

तळघराचा उल्लेख जास्त होतोय का? आणि मांत्रिकाचं वाक्य ठेवू की काढू? तो पहिल्या वीस मिनिटांतला नाही, पण जॉबरला ते आधी सांगितलं नाही तर तो तिथेच सिनेमा मोडीत काढेल. शुक्रवारी दुपारपर्यंत कळवलंत तर बदलून टाकतो.